शनिवार सकाळचा हिशोब

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेस मी बरीच वर्षं लढतेय, आरोपीच्या बाजूने. अशी केस घेऊन कुणी आलं की पहिल्याच भेटीत सांगते, कोर्ट सांगेल तेव्हा बघू असं करू नका, दारू आणि ड्रायव्हिंगवरचा जो कोर्स असतो त्याला आत्ताच नाव घाला. कोर्टाने लावल्यावर केलेला कोर्स म्हणजे शिक्षेचा भाग झाला, आपणहून आधी केला तर शिक्षा ठरवताना जजसमोर मांडायला काहीतरी असतं. केस त्याने संपत नाही हेही तेव्हाच सांगते, कारण लोकांना वाटतं सर्टिफिकेट दिलं की फाईल बंद. तसं सहसा नसतं. इंग्लंडमध्ये कोर्टाने कोर्सची मुभा दिली आणि तो वेळेत पूर्ण केला तर लायसन्सवरची बंदी एक चतुर्थांशापर्यंत कमी होऊ शकते, अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तर कोर्स केल्याशिवाय लायसन्स परतच मिळत नाही, पण त्याने गुन्ह्याची नोंद सहसा पुसली जात नाही.

तर हा माणूस आला, पस्तिशीचा, नोकरी बरी, आधीचा एकही गुन्हा नाही. शनिवारी सकाळी साडेसातला पकडला होता. त्याचं म्हणणं एकच, मॅडम मी प्यायलो होतो शुक्रवारी रात्री, दीड वाजता शेवटचा ग्लास संपवला, नंतर झोपलो, उठलो, आंघोळ केली, कडक कॉफी घेतली, मग मी प्यायलेला कसा? आणि तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. रिपोर्टमध्ये 100 मिलिलीटर रक्तात 85 मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. तपासणीत कुठे चूक सापडते का ते मी आधी बघितलं, मशीन, वेळ, सॅम्पलची नोंद, सगळं. काही सापडलं नाही. मग गुन्हा कबूल करायचा आणि शिक्षा कमी व्हावी म्हणून प्रयत्न करायचा असं ठरलं, आणि मी त्याला कोर्सला पाठवलं. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात फाईलला लावायचा एक कागद एवढंच होतं.

अशा कागदाचा भरवसा नसतो हे मी बघितलंय. एका जुन्या केसमध्ये क्लाएंटने सगळा कोर्स ऑनलाईन, सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी उरकला होता. सरकारी वकिलांनी काही युक्तिवाद केला नाही, सर्टिफिकेटवरची तारीख फक्त मोठ्याने वाचून दाखवली आणि खाली बसले.

याने मात्र सगळे वर्ग भरले, आठवड्याला एक. सुनावणीच्या चार दिवस आधी सेंटरचा रिपोर्ट आला आणि मी अडकले. असे कोर्स नुसते शिकवत नाहीत, बहुतेक ठिकाणी सुरुवातीला माणसाच्या पिण्याची तपासणीही करतात. इथे ऑडिट नावाची प्रश्नावली वापरली होती, जागतिक आरोग्य संघटनेची, दहा प्रश्न, 0 ते 40 गुण. 8 किंवा त्याहून जास्त आले तर पिणं धोक्याकडे झुकलंय असं धरतात. याचे 17 आले होते, आणि खाली समुपदेशनाची शिफारस. म्हणजे मी कोर्टात उभं राहून सांगणार की एकदाच घडलेली चूक आहे, आणि माझाच कागद सांगणार की याचं पिणं आधीपासूनच वाढलेलं आहे. मी म्हटलं आपण फक्त सर्टिफिकेट देऊ, पूर्ण रिपोर्ट द्यायची सक्ती नाहीये. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, नको मॅडम, सगळं द्या. मी दोनदा विचारलं. तरी तेच.

सुनावणीच्या दिवशी मी माझं बोलून घेतलं, पहिला गुन्हा, अपघात नाही, कोर्स स्वतःहून केला. जजसाहेबांनी सर्टिफिकेट उलटून बाजूला ठेवलं, रिपोर्ट मात्र वाचला, आणि थेट त्यालाच विचारलं, काय शिकलात तिथे?

या प्रश्नाला नव्वद टक्के लोक म्हणतात की मला पश्चात्ताप आहे, पुन्हा होणार नाही. त्याचीही तेवढीच तयारी मी करून घेतली होती. त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला, वर्गात सोडवलेला. म्हणाला, साहेब, 100 मिलिलीटर रक्तामागे शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅमच उतरवतं, झोपा, आंघोळ करा, कॉफी प्या, त्याने वेग वाढत नाही. दीड ते साडेसात सहा तास, म्हणजे 90 उतरले. तरी 85 उरले होते, म्हणजे झोपताना मी 175 च्या आसपास होतो. आणि त्या दिवशी पूर्ण उतरायला मला दुपारचा एक वाजून गेला असता. (हा आकडा माणसागणिक कमीजास्त होतो, पण अंदाजाला ठीक आहे.)

इथवर मला बरं वाटत होतं. मग तो म्हणाला, वर्गात हा हिशोब केल्यावर मी मागचे शनिवार मोजले. माझ्या आईचं डायलिसिस शनिवारी सकाळी असतं, मीच नेतो, त्या दिवशीही तिला आणायलाच निघालो होतो. शुक्रवारी पिणं तर माझं नेहमीचं. म्हणजे दोन वर्षं ती माझ्या शेजारच्या सीटवर बसून येत होती आणि मी प्यायलेला होतो, मला माहीतच नव्हतं.

माझ्या पोटात गोळा आला. ज्या गुन्ह्यांचा आरोपही नव्हता ते तो स्वतःच्या तोंडाने सांगत होता, भर कोर्टात, आणि मी त्याची वकील. उठून थांबवावं असं वाटलं, पण तो इतक्या सरळपणे बोलत होता की माझ्याच्याने ते झालं नाही. सरकारी वकीलही काही लिहून घेत नव्हते.

जजसाहेबांनी दंड पूर्ण लावला, लायसन्सची बंदीही एक दिवसाने कमी केली नाही. तुरुंगवास मात्र स्थगित ठेवला, दोन अटींवर, रिपोर्टमधलं समुपदेशन पूर्ण करायचं आणि लायसन्स परत मिळाल्यावर गाडीत फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही असं यंत्र बसवायचं. 17 गुणांचा जो कागद मी लपवायला निघाले होते त्याच्याच आधारावर शिक्षा बेतली गेली. तो दिला नसता तर जजसमोर तुरुंगाशिवाय दुसरं काही ठोस नव्हतं, असं मला आज वाटतं. त्या दिवसापासून मी पूर्ण रिपोर्टबद्दल क्लाएंटशी आधीच बोलते, द्यायचा की नाही हे दर केसमध्ये वेगळं ठरतं, पण आकडा वाईट आहे म्हणून आपोआप मागे ठेवत नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं तो हुश्श करेल. तो कॉरिडॉरमध्ये फोन काढून उभा राहिला, बहिणीला लावला. घरी तोवर कुणालाच काही सांगितलं नव्हतं त्याने, आईलासुद्धा गाडी बिघडली असंच सांगितलं होतं. मी चार पावलं लांब गेले तरी ऐकू येत होतं, परवा शनिवार आहे, आईला तू नेशील का, नाही, गाडी ठीक आहे, ऐक, तुला एक सांगायचंय.