जुने हेड गॅस्केट पुन्हा बसवण्याचा माझा अनुभव

माझ्याकडे 1930 सालची फोर्ड मॉडेल ए आहे. चार सिलिंडर, 3.3 लिटर, बाजूला बसवलेले व्हॉल्व्ह आणि जेमतेम 4.22 कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरातले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) असलेले तिचे इंजिन इतके सोशिक आहे की त्याच्यावर काम करताना माणूस नकळत बेफिकीर होतो. दोन वर्षांपूर्वी व्हॉल्व्ह घासण्यासाठी मी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवले, तेव्हा जुने हेड गॅस्केट (हेड आणि खालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांमधली फट बंद करणारा पत्रा) दिसायला धडधाकट होते म्हणून तेच परत बसवले. जवळपास 300 किलोमीटर गाडी सुरेख चालली. त्यानंतर चढावर तिचा जोर कमी पडू लागला आणि जागेवर उभी असताना इंजिन लंगडू लागले.

कॉम्प्रेशन गेज लावून पाहिले, तेव्हा पहिल्या दोन सिलिंडरांत दर चौरस इंचाला 58 आणि 60 पौंड दाब मिळाला, तिसऱ्यात 25 आणि चौथ्यात 28. दोन्ही कमकुवत सिलिंडरांत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले तरी आकडे हलले नाहीत. रिंगांतून गळती असती तर तेलाने दाब तात्पुरता वाढला असता, म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांचा नव्हता. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकाच वेळी आणि जवळपास सारखाच पडला की पहिला संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटच्या पट्टीवर घ्यावा. या इंजिनात क्रँकशाफ्टचे मधले बेअरिंग दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये येत असल्यामुळे तिथे जागा ऐसपैस आहे. पहिला आणि दुसरा, तसेच तिसरा आणि चौथा मात्र एकमेकांना खेटून आहेत. हेड उचलल्यावर जळलेली जागा नेमकी तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये सापडली. तांब्याचा पत्रा बोटाच्या पेराएवढा काळा पडून फाटला होता आणि आतले भरण उघडे पडले होते.

आता माझी चूक सांगतो. ते गॅस्केट म्हणजे तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस भरलेले जुन्या पद्धतीचे गॅस्केट होते. तांबे तापवले की मऊ होते एवढे ऐकीव ज्ञान माझ्याकडे असल्यामुळे मी ते गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीने तापवून घेतले होते आणि काम साधले असे समजलो होतो. वरचा पत्रा त्याने खरोखरच मऊ झाला असेल. पण अशा गॅस्केटची दाबली जाण्याची ताकद पत्र्यात नसून भरणात असते. पहिल्यांदा नट आवळले जातात तेव्हा ते भरण त्या दिवसाच्या हेडच्या आणि ब्लॉकच्या उंचसखलपणाप्रमाणे कायमचे चेपते, आणि चेपलेले भरण कितीही आच दिली तरी पुन्हा फुगत नाही. दुसऱ्यांदा बसवताना ते केसभर सरकले तरी जुने वळ नव्या जागी येतात, कुठेतरी दाब अपुरा पडतो, तेथून तापलेला वायू वाट काढतो आणि वाट मिळाली की तो तांबेही जाळतो. डोळ्यांना गॅस्केट चांगले दिसते की नाही, यावरून ते पुन्हा वापरता येईल का हे ठरत नाही. ते कशाचे बनलेले आहे आणि आधी किती चेपले आहे, यावरून ठरते. हे मला त्या काळ्या डागाकडे पाहताना कळले.

त्याहून मोठी चूक वेगळीच होती. त्या वेळी गॅस्केट साफ करण्यासाठी मी तारेचा ब्रश लावला होता, तोंडावर साधा रुमालसुद्धा नव्हता. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचे दुष्परिणाम कित्येक वर्षांनी दिसतात. या वेळी मी योग्य दर्जाचा मास्क लावला, जळलेले गॅस्केट साबणाच्या पाण्याने भिजवले, हेडवर चिकटलेले तुकडे ओलेच ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवले आणि सगळे दोन पिशव्यांत बंद केले. हवेचा फवारा आणि कोरडी घासणी या दोन गोष्टी अशा कामाच्या आसपासही येऊ देऊ नयेत.

गाडीबरोबर मला सुट्या भागांची एक पेटी मिळाली होती आणि तिच्या तळाशी एक अखंड तांब्याचे हेड गॅस्केट होते, पूर्वी वापरलेले. सिलिंडरांभोवतीचे वळ त्यावर स्पष्ट दिसत होते आणि हाताने वाकवू गेल्यास ते कडक लागत होते. मी त्याला आजवर भंगार समजत होतो. वास्तविक पुन्हा वापरण्यास योग्य असे तेच होते, कारण त्यात भरण नव्हते. तांबे दाबामुळे आणि ठोक्यामुळे कडक होते, आणि पुरेसे तापवले की त्याचे स्फटिक नव्याने घडून ते पुन्हा मऊ होते. हे कितीही वेळा करता येते. पत्रा फाटलेला किंवा झिजलेला मात्र नसावा. मी त्याच्या कडा भिंगातून पाहिल्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी मायक्रोमीटरने जाडी मोजली. वळ होते, पण चीर कुठेच नव्हती.

तापवण्याचे काम संध्याकाळी, मंद उजेडात केले, कारण तांब्याचा मंद लाल रंग उन्हात दिसतच नाही आणि अंदाज चुकला तर माणूस नको तितकी आच देत राहतो. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते. मऊ होण्यासाठी त्याच्या जवळपासही जावे लागत नाही. गॅस्केट विटांवर सपाट ठेवले आणि टॉर्च सतत फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. तांबे उष्णता इतक्या वेगाने पसरवते की अर्धा भाग रंगाला येईपर्यंत सुरुवातीचा भाग पुन्हा काळा पडलेला असतो, पण त्याने काही बिघडत नाही. प्रत्येक भाग एकदा त्या रंगाला पोहोचला की पुरे. नंतर ते पाण्यात बुडवले. पोलाद असे बुडवले तर कडक होते, तांब्याचे तसे होत नाही. उलट वरची काळी खपली निघून जाते आणि ते चामड्यासारखे लुळे पडते. ते दोन हातांनी, सपाट फळीवर ठेवूनच हलवावे लागते. पहिल्यांदा मी एका टोकाने उचलले आणि त्याला बाक आला, मग ते काचेवर ठेवून लाकडी फळीने हलकेच दाबून सपाट करावे लागले.

हेड आणि ब्लॉक यांवर पोलादी पट्टी उभी-आडवी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) सरकवून पाहिले. सर्वात मोठी फट 0.08 मिलिमीटर निघाली. माझ्या मर्यादेपेक्षा, म्हणजे 0.1 मिलिमीटरपेक्षा, ती कमी होती. अखंड तांबे मोठी फट भरून काढू शकत नाही, म्हणून ही तपासणी इथे अधिक महत्त्वाची आहे. असे गॅस्केट वायूला छान अडवते पण पाण्याच्या भोकांपाशी पाझरते, म्हणून दोन्ही बाजूंना तांब्याची पूड असलेल्या सीलंटचा पातळ फवारा मारला.

चौदा नट मधून बाहेर या क्रमाने 20, 40 आणि 55 फूट-पौंड अशा तीन टप्प्यांत आवळले. इंजिन गरम झाल्यावर पुन्हा आवळताना बहुतेक नट थोडेथोडे फिरले, आणि 80 किलोमीटरनंतर काही नट आणखी एकदा. दाब आता चारही सिलिंडरांत 57 ते 61 पौंडांच्या दरम्यान आहे.

इतर गॅस्केटचे काम त्या मानाने हलके होते. व्हॉल्व्हच्या झाकणाचे कॉर्कचे गॅस्केट वाळून इतके आखडले होते की भोके जुळेनात. ते तासभर कोमट पाण्यात ठेवल्यावर पूर्ववत झाले आणि चेपलेले नसल्यामुळे तसेच बसवले. पाण्याच्या पंपाचे कागदी गॅस्केट निघतानाच फाटले. कागदी गॅस्केट पुन्हा वापरण्याच्या फंदात पडूच नये. पण ते फेकूही नये, कारण फाटलेले तुकडे जुळवून ठेवले की नव्याचा आराखडा तयार असतो. 0.4 मिलिमीटर जाडीच्या कागदावर तो रेखून, भोके पंचने पाडून अर्ध्या तासात नवे कापून झाले.

मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांत मिश्रण आणणाऱ्या व धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, बाबतीत मात्र मोह आवरला नाही. त्याचे गॅस्केटही पत्र्यामध्ये भरण असलेले, आणि वर लिहिलेले सगळे शिकून झाल्यावरही मी तेच परत बसवले, कारण ते बसवलेले असतानाच इंजिन सुरू करून पाहण्याची घाई होती. इंजिन थंड असताना टक्-टक् असा आवाज येई आणि गरम झाल्यावर तो बंद होई. चौथ्या दिवशी चौथ्या पोर्टच्या (धूर बाहेर पडण्याच्या तोंडाच्या) खाली काजळीची रेघ उमटलेली दिसली. नवे गॅस्केट मागवून मॅनिफोल्ड पुन्हा उतरवला.

हेडच्या मागच्या कोपऱ्यात एका पाण्याच्या भोकापाशी सकाळी अजून किंचित ओल दिसते. इंजिन तापले की ती सुकते. दर महिन्याला मी तेथील नट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) तपासतो आणि रेडिएटरमधली पाण्याची पातळी वहीत लिहून ठेवतो. गेल्या 600 किलोमीटरांत ती उतरलेली नाही.