शेवटच्या दोन मिनिटांतला क्वार्टरबॅक

पिछाडीवरून सामना खेचून आणला की क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा आणि पास देणारा खेळाडू, कणखर मनाचा आणि हरला की दडपणाखाली कोसळणारा, हा अमेरिकन फुटबॉलमधील रूढ निवाडा मला अन्यायकारक वाटतो, कारण त्यात त्याच्या खेळापेक्षा धावफलकच अधिक बोलतो.

23 जानेवारी 2022 रोजी कॅन्सस सिटी येथे झालेला प्लेऑफचा (बाद फेरीचा) सामना आठवून पाहावा. दोन मिनिटांहूनही कमी वेळ उरला होता, चौथ्या डाउनवर, म्हणजे चेंडू राखण्याच्या शेवटच्या प्रयत्नावर, 13 यार्ड हवे होते आणि अशा वेळी बफेलो बिल्स संघाचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याने सहकारी गेब्रियल डेव्हिसला 27 यार्डांचा टचडाउन पास (थेट प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात गुण मिळवून देणारा) दिला. कॅन्सस सिटी चीफ्सनी आघाडी परत घेतल्यावर 13 सेकंद उरले असताना त्याने पुन्हा डेव्हिसलाच गाठले आणि बिल्स 36-33 असे पुढे गेले. यापलीकडे एखाद्या क्वार्टरबॅकने काय करायचे? तरीही चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याने उरलेल्या सेकंदांत दोन पासांवर 44 यार्ड कापले, बटकरच्या फील्ड गोलने (खांबांमधून चेंडू लाथाडून मिळवलेल्या तीन गुणांनी) बरोबरी झाली, आणि जादा वेळेत नाणेफेक जिंकून चीफ्सनी पहिल्याच चढाईत सामना 42-36 असा संपवला. त्या जादा वेळेत ॲलनच्या हाती चेंडू आलाच नाही. नोंदवहीत मात्र विजयी चढाई माहोम्सच्या नावावर आणि पराभव ॲलनच्या नावावर आहे.

माहोम्सचे श्रेय यामुळे कमी होत नाही. घड्याळ थांबवणारे टाइमआउट शिल्लक असल्याने वेळ थांबवण्यासाठी साइडलाइन (मैदानाची कडा) गाठण्याची सक्ती नाही, हे ओळखून त्याने दोन्ही पास मैदानाच्या आतल्या भागात दिले. अशी समज मला यार्डांच्या बेरजेपेक्षा मोलाची वाटते, विशेषतः आघाडीवरचा संघ लांब पास रोखण्यासाठी बचावपटू मागे ठेवतो तेव्हा, कारण त्या वेळी छोटे पास स्वस्तात मिळतात आणि घड्याळ मात्र पळत राहते. टाइमआउट संपलेले असताना सॅक होणे (पास देण्याआधीच पाडले जाणे) हे चेंडू बाहेर फेकून देण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. चौथ्या डाउनवर आठ यार्ड हवे असताना तीन यार्डांवरचा सुरक्षित पास आकडेवारीत नीटनेटका दिसतो, पण बहुधा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्याच हवाली करतो. तिथे जोखमीचा लांब पास इंटरसेप्ट झाला (प्रतिस्पर्ध्याने पकडला) तरी मी क्वार्टरबॅकला फारसा दोष देत नाही.

पिछाडी भरून काढल्याच्या नोंदी मोजतानाही एक गोष्ट निसटते: तीन सत्रांत भक्कम आघाडी घेणाऱ्याला ती संधीच क्वचित मिळते.

2008 च्या फेब्रुवारीतील सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने तीन मिनिटांहून कमी वेळ असताना पेट्रियट्सना 14-10 अशी आघाडी मिळवून दिली होती, तरी तो सामना आठवतो प्रतिस्पर्धी जायंट्सचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग याच्यासाठी. त्याच्या अखेरच्या चढाईत एक पास पेट्रियट्सचा बचावपटू असांटे सॅम्युएल याच्या हातांना लागून निसटला. तो पकडला गेला असता तर सामना जवळजवळ तिथेच संपला असता. पुढच्याच खेळीत जर्सीला हात घातलेल्या बचावपटूंच्या तावडीतून मॅनिंग सुटला आणि त्याचा सहकारी डेव्हिड टायरी याने 32 यार्डांवर तो चेंडू हेल्मेटला दाबून धरला. मॅनिंगला जोखताना मी या दोन्ही खेळी धरतो: सॅम्युएलने सोडलेला पास त्याच्या विरोधात आणि ती सुटका त्याच्या बाजूने.