राधानगरीची सात दारं

पावसाळ्यात आमच्या भोगावतीकाठी सकाळी एकमेकांना विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "राधानगरीची किती दारं उघडली?" राधानगरी म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं भोगावतीवरचं धरण. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तळं काठोकाठ भरलं की पाण्याच्याच दाबानं दार उघडतं, पातळी उतरली की आपलं आपण मिटतं. बटण दाबायला माणूस लागत नाही, वीजही लागत नाही. एका दारातून 1,428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी येतं. सातही उघडली तर साधारण 10,000.

पूर आला की सगळे या धरणाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. भोगावती ज्या पंचगंगेत जाते, तिच्यात कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांचंही पाणी उतरतं. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी, 43 फुटांची धोका पातळी गाठते ती या सगळ्यांनी मिळून. एक गोष्ट मात्र खरी. ही दारं तळं भरल्याशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातून आधीच पाणी सोडून जागा करता येत नाही. 2019 च्या महापुरानंतर आमच्या पारावर यावरच वाद चालायचे, आणि तो वाद व्हायलाच हवा.

पण बातमी पावसाळ्यातली असली तरी या धरणाचं खरं काम उन्हाळ्यातलं आहे, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

शाहू महाराजांनी दुष्काळ जवळून पाहिले होते. 1908 च्या सुमारास त्यांनी राधानगरी वसवली, लेकीचं नाव दिलं, आणि फेजिवड्याजवळ भोगावती अडवायला घेतली. तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव. एका संस्थानाच्या तिजोरीला हे काम फार मोठं होतं. भिंत 40 फुटांवर आली आणि 1918 च्या आसपास पैशाअभावी थांबली. 6 मे 1922 ला महाराज गेले. भिंत तशीच अर्धी उभी. त्यांचे चिरंजीव राजाराम महाराजांच्या कारकिर्दीअखेर काम पुन्हा हाती घेतलं गेलं आणि पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या दशकात. आज त्यात 8.36 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं.

आमच्या घरात याचा हिशेब उसाच्या फडात होतो. दिवाळीच्या आगेमागे नदीवरच्या बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात. मार्च-एप्रिलमध्ये नदीची डबकी होऊ लागली की वरून पाणी सुटतं, बंधारा तुंबतो, आणि रात्री लाईट येईल तेव्हा माणसं मोटर चालू करायला मळीकडे, नदीकाठच्या रानाकडे पळतात. आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात काठच्या विहिरीवर मोट चालेल तेवढंच रान हिरवं असायचं.

26 जूनला शाळेत महाराजांच्या जयंतीची भाषणं होतात. वसतिगृहं येतात, आरक्षण येतं, कुस्ती येते, आणि ते सगळं यायलाच हवं. धरण एका ओळीत उरकतात. यंदा पुतणीच्या भाषणात त्या थांबलेल्या भिंतीचा अख्खा परिच्छेद घालायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.