सेन्सॉर, खिलार बैल आणि आजोबांची तंबाखू

स्वतःच्या पैशांनी सिनेमा केलाय म्हटलं की लोकांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "सेन्सॉरनं काय काय कापलं?" (स्वतःचे पैसे म्हणजे मालिकांचे एपिसोड लिहून साठवलेले, आणि उरलेले मेहुण्याच्या पीएफमधले.) माझ्याकडे याचं चमचमीत उत्तर नाही. दोन शिव्या म्यूट झाल्या, बस. आमचा वेळ खाल्ला तो बैलानं आणि आजोबांच्या तंबाखूनं.

सिनेमा माण तालुक्यातला, २००३ च्या दुष्काळातला. एक आजोबा, एक नातू, चारा छावणी आणि विकायला काढलेला खिलार बैल. लेखक मी, दिग्दर्शक मी, निर्माते मी आणि मेहुणा. मोठ्या बॅनरकडे सेन्सॉरची फाइल घेऊन फिरायला वेगळा माणूस असतो. आमच्याकडे तोही मीच.

फाइलची सुरुवात शूटिंगच्या कितीतरी आधी होते, हे नव्या मुलांना मी पहिल्यांदा सांगतो. २००१ च्या नियमांप्रमाणे सिनेमात प्राण्याकडून काम करून घ्यायचं तर भारतीय पशुकल्याण मंडळाची आधी परवानगी लागते आणि शूटिंग झाल्यावर ना हरकत प्रमाणपत्र. ते नसेल तर सेन्सॉर अर्ज पुढे घेत नाही. मंडळाची कचेरी हरियाणात, बल्लभगडला. तिथल्या माणसाला आमचा म्हसवडजवळचा बैल फक्त कागदावर दिसणार, म्हणून कागद बोलका हवा: मालकाची संमती, पशुवैद्यकाचा तब्येतीचा दाखला, कुठल्या प्रसंगात बैल नेमकं काय करणार याचं वर्णन. बैलाचे मालक तात्या अंगठा न देता झोकात सही करतात. सही करता करता म्हणाले, "आरं, गाडीला जुपताना मला कुणी इचारलं न्हाई, आन् फोटू काढाय सरकारची परवानगी?"

पटकथेत मी लिहिलं होतं, 'बैल कोसळतो.' अर्जात हे वाक्य चालणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर चालूही नये. बैलाला पाडून शॉट घ्यायचे दिवस आपल्या सिनेमानं पुष्कळ पाहिलेत. मी तात्यांच्या गोठ्याशेजारी बसून राहिलो. दुपारी ऊन कलायला लागलं की बैल लिंबाच्या सावलीत येतो, पुढचे गुडघे मोडतो, मग मागचं अंग टाकतो आणि एक लांब श्वास सोडतो. अर्जात तसंच लिहिलं: बैल रोजच्या वेळी रोजच्या जागी बसतो, कॅमेरा आधीपासून लावलेला असेल. शॉट तसाच घेतला. आधीच्या पानात चितारलेल्या कोसळण्यापेक्षा तो बराच सरस आहे असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

एक अडचण मात्र कुठल्याच नियमात नव्हती. हल्ली जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी नंबर. तालुक्याच्या डॉक्टरांनी दाखल्यावर तोच नंबर घातला, ते बरंच झालं. पण २००३ साली माणदेशात असा बिल्ला कुठून आला? काढायचा तर प्रश्नच नव्हता. मग अख्ख्या सिनेमात बैल डाव्या बाजूनंच दिसतो. एका समीक्षक मित्रानं त्यात दिग्दर्शकाची शैली शोधली. मी त्याला अडवलं नाही.

शूटिंगनंतर संकलन करताना एका जुन्या प्रॉडक्शन मॅनेजरनं सावध केलं: फ्रेममध्ये जे जे हलतंय त्याचा हिशेब ठेव. कोंबड्या शेजारच्या काकूंच्या निघाल्या, त्यांचं पत्र घेतलं. पण एका शॉटमध्ये मागून एक कुत्रं चालत जातं, ते कुणाचंच नव्हतं. शेवटी मित्रानं रात्री जागून ते फ्रेम-फ्रेम पुसलं. आमच्या सिनेमातला एकमेव व्हीएफएक्स म्हणजे न दिसणारं कुत्रं.

तंबाखूचं दुखणं वेगळं. पडद्यावर कुणी तंबाखूजन्य काही वापरलं की नियम लागू: सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर प्रत्येकी ३० सेकंदांची आरोग्यविषयक फिल्म, शिवाय २० सेकंदांचं निवेदन, आणि जितका वेळ ते दृश्य चालेल तितका वेळ खाली पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत इशारा. सिगारेट-विडीलाच हे असतं असा बऱ्याच जणांचा समज आहे. चुन्याबरोबर मळलेली तंबाखूही त्यात येते. वुडी ॲलननं २०१३ साली याच पट्टीपायी 'ब्लू जॅस्मिन' भारतात लावू दिला नाही. त्याला परवडतं. माझ्या सिनेमात आजोबा बैल विकायचं ठरवतात तो न कापलेला लांब शॉट पूर्णपणे त्यांच्या तळहातावर आहे: चुना, अंगठा, चापट, फुंकर. काढून टाकला तर प्रसंगच जातो. ठेवला तर प्रेक्षकाची नजर पट्टीवर जाते. आम्ही ठेवला. गावाकडे तोंडाच्या कॅन्सरनं गेलेली माणसं मीही पाहिलीत, त्यामुळे नियमावर रागवायचा मला फारसा हक्क नाही. पट्टीची जाडी तेवढी कमी असती तर बरं होतं.

एवढं झाल्यावर 'ई-सिनेप्रमाण' या पोर्टलवरचा खरा अर्ज. संवादांसह पटकथा, कथासार, गाण्यांचे शब्द, लांबीचा दाखला, नाव नोंदवल्याचं पत्र. ठरवलेलं नाव कुणीतरी आधीच नोंदवलेलं होतं, तेव्हा दुसरं घेतलं. लेखकानं निर्मात्याला हक्क दिल्याचा करारही जोडला, म्हणजे मी मलाच हक्क लिहून दिले, आणि तेही पाचशेच्या स्टॅम्पवर, कारण शंभरचा आता चालत नाही. नोटरीनं दोन्ही सह्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

घाई अशासाठी की राष्ट्रीय पुरस्काराला त्या कॅलेंडर वर्षात, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, सर्टिफिकेट मिळालेलेच सिनेमे चालतात. तारीख हुकली तर सिनेमा पुढच्या वर्षीच्या गर्दीत.

समितीसाठी अंधेरीत प्रीव्ह्यू थिएटर घेतलं. परीक्षण समितीत सल्लागार मंडळाचे सदस्य आणि एक अधिकारी असतात, आणि दिग्दर्शकाला आत बसता येत नाही. बाहेर चहा पीत बसायचं आणि दारातून झिरपणाऱ्या आवाजावरून कुठलं रीळ चाललंय ते ओळखायचं. संपल्यावर आत बोलावलं. एका बाईंनी आधी विचारलं, "बैल खरंच विकला का हो तुम्ही?" नाही म्हटल्यावर त्या नीट टेकून बसल्या. मग चर्चा. माझ्या सिनेमावर इतका वेळ, इतक्या बारकाईनं त्याआधी कुणी बोललं नव्हतं. वितरकांनी तर ट्रेलर अर्धा पाहून फोन खाली ठेवले होते. समितीचं म्हणणं: व्यापाऱ्याच्या तोंडच्या दोन शिव्या म्यूट केल्यात तर 'यूए १३+', नाहीतर 'यूए १६+'. २०२३ च्या कायदेदुरुस्तीनंतर 'यूए'चे, म्हणजे लहानांनी पालकांच्या मार्गदर्शनानं पाहायच्या सिनेमांचे, हे वयाचे टप्पे आलेत.

मान्य नसेल तर पुनरीक्षण समिती आहे. तिथेही जमलं नाही तर पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१ मध्ये बंद झालं, आता थेट उच्च न्यायालय. पीएफ मोडून सिनेमा काढणारा माणूस दोन शिव्यांसाठी वकील लावत नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. हा भाग मला खटकतो. पण शाळकरी पोरांनी हा सिनेमा पाहावा असं मला वाटत होतं, म्हणून म्यूट कबूल केलं. साउंडवाल्यानं नुसती शांतता ठेवली नाही, तिथे बैलाच्या घुंगुरमाळेचा आवाज ठेवला. व्यापारी तोंड उघडतो आणि घुंगरं वाजतात. थिएटरात लोक तिथे हसतात.

वर्ष संपायच्या आत सर्टिफिकेट आलं. पूर्वी ते दहा वर्षांचं असे, आता कायमचं आहे. पुरस्काराचा अर्ज गेला. राज्याच्या अनुदानाची फाइलही उघडली आहे. 'अ' दर्जा मिळाला तर ४० लाख, 'ब' ला ३०, आणि मेहुणा रोज संध्याकाळी सहज म्हणून फोन करतो.

थिएटर मिळालं ते साताऱ्यात, सकाळी नऊचा खेळ. तात्यांना कळवलं तर म्हणाले, "धारा काढायच्या सोडून नऊला कोण येतंय?" त्यामुळे आता वाडीतच, देवळापुढच्या पटांगणात पडदा लावायचा बेत आहे. जाहीर खेळ म्हटला की तिथेही सर्टिफिकेट लागतंच. ते आहे. प्रोजेक्टरचं भाडं तेवढं जमवायचंय.