आयरिश धुनांसाठी ऑक्टेव्ह मॅंडोलिन घेताना

आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहायला आल्यापासून मायदेशातल्या मॅंडोलिन वाजवणाऱ्या मित्रांचा एक प्रश्न ठरलेला असतो: आयरिश संगीतासाठी ऑक्टेव्ह मॅंडोलिन (मोठं, खालच्या सप्तकातलं मॅंडोलिन) घ्यायचंय, कुठलं घेऊ? लाकूड, कंपनी, नक्षीकाम हे सगळं नंतर. आधी तारेची लांबी बघा, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचपट्टीपासून (नट) घोडीपर्यंतचं अंतर.

इथल्या क्रेन बारसारख्या पबात सेशन, म्हणजे एकत्र वाजवण्याची बैठक, चालते तेव्हा टेबलाभोवती फिडल, फ्लूट, कॉन्सर्टिना, बँजो घेऊन मंडळी बसतात. एकाने रील किंवा जिग (नाचाच्या जलद धुना) सुरू केली की येईल तो सामील होतो. धून दोन-तीनदा फिरली की मध्ये न थांबता पुढची सुरू! या गलक्यात साध्या मॅंडोलिनचा बारीक आवाज सहज बुडतो. ऑक्टेव्ह मॅंडोलिन त्याच जी-डी-ए-ई स्वरांत, पण एक सप्तक खाली लावतात. डब्लिनर्स या आयरिश गटाच्या बार्नी मकेनांनी आयरिश टेनर बँजोला रूढ केलेली जुळणी हीच. त्यामुळे मॅंडोलिनवर शिकलेली धून इथेही त्याच पडद्यांवर सापडते. फक्त पडदे लांब लांब गेलेले असतात, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

मॅंडोलिनच्या तारेची लांबी साधारण १४ इंच, ऑक्टेव्हची बहुधा २० ते २३ इंच. आयरिश धुनांत ई तारेवर दुसऱ्या पडद्यावरचा एफ शार्प आणि सातव्यावरचा बी सतत लागतात. तर्जनी दुसऱ्यावर ठेवून करंगळी सातव्यावर न्यायची, तर मॅंडोलिनवर जेमतेम ८ सेंमी ताण पडतो. २० इंचांवर तोच सव्वाअकरा सेंमी होतो आणि २३ इंचांवर १३ सेंमी. जलद रीलमध्ये १३ सेंमीचा ताण पुन्हा पुन्हा घेणं मनगटाला मारक आहे. म्हणून बरेच वादक एका बोटाला एक पडदा असा हिशेब धरतात आणि बीसाठी अख्खा हात पुढे सरकवतात. हे सरकणं लहान वाद्यावर पटकन जमतं. हात मध्यम असेल आणि धुनाच वाजवायच्या असतील, तर माझ्या मते २० ते २१ इंचांच्या पुढे जाऊ नये.

आखूड तारेची किंमत मात्र मोजावी लागते. त्याच जाडीच्या तारा त्याच स्वराला लावल्या, तर २३ इंचांपेक्षा २० इंचांवर तारेतला ताण जवळजवळ पाव हिस्सा कमी असतो. बोटांना हे सुखाचं, पण खालची जी तार ढिली पडून भरभरते. उपाय सोपा आहे: तारा जोडीजोडीने असतात, त्यातल्या जीच्या जोडीला थोड्या जाड तारा लावायच्या.

धुनांऐवजी साथ करायची असेल, तर हिशेब उलटा होतो. १९६०च्या दशकात आयरिश वादक जॉनी मॉयनिहान यांनी बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य आयरिश संगीतात आणलं आणि पुढे अँडी अर्व्हाइन, डॉनल लनी यांनी ते प्लँक्स्टी या गटातून घराघरांत पोचवलं. त्या लांब मानेच्या वाद्याची आस (छेडल्यावर उरणारा नाद) जास्त वेळ टिकते. कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) आकारात बोटं निवांत राहतात, त्यामुळे लांबी फारशी जाचत नाही. साथच करायची असेल तर बुझुकीच घ्या, मधलं काहीतरी घेऊन दोन्हीकडे अर्धवट राहू नका.

दुकानांत हीच वाद्यं मांडोला, ऑक्टेव्ह, बुझुकी अशा वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, म्हणून ऑनलाइन मागवताना लांबी इंचांत विचारून घ्या. थेंबासारख्या आकाराचं वाद्य मांडीवरून घसरतं आणि डावा हात मान सावरण्यात गुंततो. त्याला पट्टा हवाच. गिटारच्या आकाराचं मांडीवर नीट बसतं. तारा पडद्यांपासून फार उंच असतील, तर उत्तम वाद्यही तासाभरात बोटं दुखवतं. ही उंची चांगला कारागीर घोडी घासून कमी करून देतो.

हातात घेऊन बघता आलं, तर कॉर्ड छेडून आवाजावर भाळू नका. खुर्चीत बसून, पट्टा लावून, येत असलेली एखादी डीमधली रील सेशनच्या वेगात सलग तीनदा वाजवा. तिसऱ्या फेरीत करंगळी बीवर वेळेत पोचत नसेल, तर त्याच दुकानातलं एक इंच लहान वाद्य मागून घ्या.