दुसऱ्या वाचनातले मास्तर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असा निरोप आला, तेव्हा मला प्रथम आठवले ते मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचे लोखंडी कपाट. आपले ग्रंथालय म्हणजे त्या काळी तेवढेच होते. १९९१ च्या पावसाळ्यात, मी नववीत असताना, मराठीच्या सरांनी त्या कपाटातून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ काढून माझ्या हातात ठेवली. त्याच आठवड्यात ‘मी कोण होणार’ या निबंधात मी ‘काहीही होईन, पण शिक्षक होणार नाही’ असे लिहिले होते. सरांनी त्यावर एक अक्षरही न बोलता सातपैकी पाच गुण दिले होते.

१९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेल्या राजाराम विठ्ठल सौंदणीकर या कोवळ्या मास्तराची आहे, हे येथील वाचकांना सांगायला नकोच. मला त्या वेळी तिच्यातली तालीम तेवढी आवडली. ओस पडलेली शाळा मास्तर सुरू करतात, गावाला कामाला लावून तालीम उभी करतात आणि तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब वाडीवर येतात. चौदा वर्षांच्या मुलाला याहून मोठा पराक्रम कोणता वाटणार? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला होता हे ठाऊक असल्यामुळे तर तो प्रसंग मी दोनदा वाचला. शेवटचा दुष्काळ मात्र मी भराभर उलटला.

पुढे घरच्या परिस्थितीमुळे डी.एड. केले आणि २००१ मध्ये तीन हजार रुपये मानधनावर, तीन वर्षांसाठी, शिक्षणसेवक म्हणून माणदेशातल्या एका द्विशिक्षकी वस्तीशाळेवर रुजू झालो. फळा आणि पाढे यांची तयारी मी करून गेलो होतो. पण सकाळी शाळेच्या पायरीवर माणसे बसलेली असत ती वेगळ्याच कामासाठी. कोणाला शिधापत्रिकेत नाव चढवायचे असे, कोणाला बँकेची चिठ्ठी भरून हवी असे, तर एका म्हातारीला मुंबईच्या लेकाला पत्र लिहायचे असे आणि मजकूर सांगताना ती निम्मा वेळ सुनेबद्दलच बोलत असे. ‘आपण शिकवायला आलो आहोत, कारकुनी करायला नव्हे,’ असा माझा घुस्सा होता, आणि तो मी लपवतही नव्हतो.

त्या दिवाळीच्या सुटीत ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचली आणि पहिल्या वेळी न दिसलेली माणसे दिसू लागली. मास्तरांचा वाडीशी जो जीव जडतो तो धड्यांमुळे नव्हे, तर लोकांची पत्रे लिहिणे, तालुक्याहून वस्तू आणणे, भांडणात मधे पडणे अशा बिनहिशेबी कामांमुळे जडतो, हे ध्यानात आले. त्यातच ते अडचणीतही येतात. वाडीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या लेकीसाठी, अंजीसाठी, चोळीचे कापड आणण्यासारख्या साध्या गोष्टीवरून संशयाचे धुके उठते आणि पाठीशी उभा असलेला तो कारभारीच दुरावतो. ते प्रकरण वाचताना मला स्वतःचीच लाज वाटली, कारण मास्तर बोलणी खाऊनही माणसांपासून तुटत नाहीत आणि मी तर कोणी बोलायच्या आधीच दार लोटून घेत होतो. तालमीचेही कौतुक आता थोडे उतरले. आपल्या हातून काहीतरी दिसण्याजोगे घडावे ही जी ओढ तिच्यामागे मला दिसली, ती मी चांगलीच ओळखत होतो. माडगूळकरांना हे अभिप्रेत होते की नाही, हा वाद समीक्षकांनी घालावा. मला माझ्यापुरते उत्तर मिळाले होते आणि सुटीनंतर मी पायरीवर एक सतरंजी टाकली.

२०१२-१३ च्या दुष्काळात, दुसऱ्या एका शाळेवर असताना, शेवटची प्रकरणे तिसऱ्यांदा वाचली. कादंबरीत माणसे वाडी सोडून जातात आणि मास्तरांना शिकवायला कोणी उरत नाही. आमच्याकडे टँकर आणि चारा छावण्या होत्या म्हणून गाव टिकले, तरी जनावरांबरोबर घरेच्या घरे छावणीवर मुक्कामाला गेली आणि पट अर्ध्यावर आला. संध्याकाळी मी सायकलवरून तिकडे जात असे. एकदा तिथे मुलांना कादंबरीतल्या शेकूचा प्रसंग वाचून दाखवला, ज्यात एकाच बैलावर नांगर चालेना म्हणून त्याची बायको दुसऱ्या बाजूने जुवाला खांदा लावते. चौथीतल्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, त्यांना बैल उसना का न्हाई दिला कुणी?” मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात शेजारी म्हशीला कडबा टाकणारी त्याची बहीण मागे न वळताच म्हणाली, “पेरणीच्या दिसांत बैल कोण देतंय रं?”