निबंधातली नदी

आमच्याकडे पहिल्या वर्षाला मराठी लेखनाचा दोन श्रेयांकांचा विषय आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2024-25पासून संलग्न महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमाची मांडणी बदलली, तेव्हापासून कला, वाणिज्य आणि विज्ञानाची मुलं या तासाला एकत्र बसतात. दोन श्रेयांक म्हणजे तीस तास. महाविद्यालय बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. वर्गातली निम्मी मुलं आसपासच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून एसटीने येतात.

जुलैत पहिल्याच तासाला मी 'माझे गाव' लिहून घेते, वाचते आणि गुण न देता कपाटात ठेवून देते. ऑक्टोबरात तो कागद आणि मधले सगळे कच्चे मसुदे ज्याचे त्याला परत करते आणि आपल्या लिहिण्यात काय बदललं ते लिहायला सांगते. ही पद्धत माझी नाही. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात पीटर एल्बो आणि पॅट बेलनॉफ यांनी लेखनाची एकवेळची परीक्षा काढून टाकली आणि तिच्या जागी सत्रभराच्या लेखनाचा संच तपासायला सुरुवात केली. एका दुपारी, एका विषयावर, घड्याळाकडे बघत लिहिलेल्या कागदावरून कुणाला लिहिता येतं की नाही हे ठरवू नये, हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं.

पण आपल्याकडे 'तुमची प्रगती सांगा' म्हटलं की मुलं आभार मानायला लागतात. 'मॅडमच्या अनमोल मार्गदर्शनामुळे माझे लेखन समृद्ध झाले.' आधीच्या तुकडीकडून असे कागद ढिगाने आले. मुलांचा त्यात दोष नाही. पहिलीपासून त्यांना हेच शिकवलंय की तपासणाऱ्याला आवडेल ते लिहायचं. म्हणून यंदा फळ्यावर दोनच सूचना लिहिल्या. आभार नकोत. आणि 'सुधारणा झाली' असं म्हणायचं नाही. जुलैतलं एक वाक्य आणि आत्ताचं एक वाक्य शेजारी शेजारी लिहून दाखवायचं.

आधी कुरकुर झाली. "मॅडम, जुलैचं वाचवत नाही," असं दोघीतिघी म्हणाल्या. मग लिहायला लागले.

पहिला उठला तो वाणिज्य शाखेचा एक मुलगा. एरवी तोंड न उघडणारा. त्याने निबंधाला हातच लावला नव्हता. त्याने दोन अर्ज आणले होते. सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, त्याच्या वडिलांचं सोयाबीन पाण्याखाली गेलं आणि पंचनाम्याच्या यादीत त्यांच्या शेताचा गट नंबर आलाच नाही. तहसीलदारांना द्यायचा पहिला अर्ज गावातल्या कुणीतरी लिहून दिलेला. 'वरील विषयान्वये विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, अर्जदार हा अत्यंत गरीब व अल्पभूधारक शेतकरी असून…' असं पान भरून. गट नंबर शेवटून दुसऱ्या ओळीत. दुसरा अर्ज त्याचा स्वतःचा. पहिल्याच वाक्यात गट नंबर, पीक, क्षेत्र आणि शेतात पाणी किती दिवस साचून होतं ते. दुसऱ्यात, आपल्या महसूल मंडळात कोणत्या तारखेला 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला, ते. तिसऱ्यात मागणी: पंचनामा करावा. सोबत सातबारा आणि फोटो.

"गरीब शब्द का काढलास?" मी विचारलं.

"गरिबीवर पंचनामा होत नाही मॅडम. तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान झालंय का, एवढंच बघतात."

यावर वर्गात वाद लागला. अर्ज हे लेखन का? मराठी विशेष घेतलेली एक मुलगी म्हणाली, हे फॉर्म भरण्यासारखं आहे, यात भावना कुठे आहे? तो म्हणाला, "भावना होती म्हणूनच पुन्हा लिहिला." मी मध्ये पडले नाही. वाचणाऱ्याला काय हवंय हे ओळखून त्याप्रमाणे वाक्यांचा क्रम लावणं, याहून मोठी गोष्ट मी तीस तासांत शिकवू शकत नाही, आणि त्याने ती तहसीलच्या दारात उभं राहून पक्की केली होती.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ऊसतोड कामगारांच्या घरातली. जुलैतलं वाक्य तिने मोठ्याने वाचलं: 'माझे गाव डोंगराच्या कुशीत वसलेले असून गावाजवळून झुळझुळ नदी वाहते.' आणि म्हणाली, "आमच्या गावाला नदीच नाही."

वर्ग हसला. ती हसली नाही. ती पुढे वाचत गेली. "जानेवारीपासून टँकर येतो. मग ही नदी मी कुठून आणली? गाइडमधून. सातवीत पाठ केली होती, तेव्हा पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, म्हणून ती तशीच राहिली."

हळूहळू दुसरे हात वर यायला लागले. ज्याच्या त्याच्या कागदात नदी होती. विज्ञानाच्या एका मुलाने तर नदीकाठी वडाचं झाडही लावलं होतं. त्या पाचसात मिनिटांत मुलांनी एकमेकांचे कागद ओढून घेतले आणि खोट्या ओळी शोधून काढल्या. पेन्सिलीने खुणा करत होती, अगदी हिरिरीने. इतकी वर्षं शिकवते आहे, पण मुलं स्वतःच्याच लिखाणावर अशी तुटून पडलेली मी पाहिली नव्हती.

तिचं आत्ताचं लेखन आईबद्दल होतं. जुलैच्या कागदात आई एका वाक्यात उरकली होती: 'माझी आई प्रेमळ, कष्टाळू व मायाळू आहे.' त्याखाली तिने शेरा लिहिला होता, हे कुणाच्याही आईबद्दल लिहिता येईल. ऑक्टोबरच्या मसुद्यात आई पहाटे तीनला कोपीतून, म्हणजे तोडीवरच्या झोपडीतून निघते, फडात वडील ऊस तोडतात तशी ती त्याचं पाचट साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण कारखान्याच्या काट्याची प्रत्येक खेपेची पावती ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते. हंगामाच्या शेवटी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली की नाही याचा हिशोब होतो, मुकादमाचा आकडा जुळत नाही, तेव्हा आई काही न बोलता ती पिशवी त्याच्यासमोर पालथी करते.

या मसुद्यात 'बिचारी' असा एक शब्द होता. तो तिने खोडला होता. समासात लिहिलं होतं, 'पिशवी आल्यावर हा शब्द बसत नाही.'

हे मी सांगितलं नव्हतं. मी फार तर विशेषणं कमी करा म्हणते, आणि ते सगळ्यांनाच म्हणते. कोणतं विशेषण का जावं हे ज्याचं त्याला दिसायला लागणं, याला मी प्रगती म्हणते. अभ्यासक्रमाच्या निष्पत्तीच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही, टक्के भरायचे असतात. मी ते समासातलं वाक्य शेऱ्यात जसंच्या तसं उतरवलं आणि वर गुण लिहिले.

सगळ्यांचं असं झालं नाही. बऱ्याच जणांनी शुद्धलेखन दाखवलं, 'बहिण'ची 'बहीण' झाली वगैरे. तेही हवंच. एकीने लिहिलं, जुलैत तीन पानं भरली होती, आता एकच भरतं, म्हणजे मी मागे गेले. तिच्याशी मला अजून बोलायचं आहे.

तास संपल्यावर ऊसतोडीच्या घरातली ती मुलगी थांबली. आजी वारल्यापासून गावात मागे कुणी नाही, त्यामुळे नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की तिलाही आईवडिलांसोबत कोल्हापूरकडे जावं लागतं. दुसऱ्या सत्राच्या हजेरीचं काय, हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, "विभागप्रमुखांना अर्ज दे. मी लिहून देऊ?"

"नको, मीच लिहिते," म्हणाली आणि तिथेच बाकावर बसली. कधी जाणार, कधी परत येणार, कोणत्या तालुक्यात असेन, दर पंधरा दिवसांनी एक लेख मोबाइलवरून पाठवीन, परीक्षेला येईन. पाच ओळी. विभागप्रमुखांनी वाचला आणि एकच विचारलं, फडात रेंज असते का? "संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्यावर येते, सर," ती म्हणाली. सरांनी सही केली, आणि परीक्षेचं वेळापत्रक लागलं की तिला फोन करायचं काम माझ्याकडे दिलं.